सुंदरअक्काने पाहिलेला तिसरा भाग

आमच्या सुंदरअक्काला सिनेमाला नेणं म्हणजे डोक्याला ताप होता, हे आधीच सांगून टाकते. बाकीच्या बाया पडद्यावर कोणी रडलं की पदर डोळ्याला लावतात, मारामारी आली की ओरडतात आणि इंटरव्हलला भजी खातात. अक्का भजी खात नसे. दिवे लागले तरी ती खुर्चीतच बसून राही, कारण तिचा सिनेमा आत चालूच असे. मी दंडाला धरून हलवलं की वैतागून आपल्या अहिराणीत म्हणायची, "थांब ना वं, ती आते नदी उतरी ऱ्हायनी!"

सुंदरबाई माझी मोठी जाऊ. मी धरणगावची, दहावीपर्यंत शिकलेली. ब्याऐंशी साली लग्न होऊन पारोळ्याजवळच्या या गावात आले, तेव्हा घरात पहिली ओळख झाली ती हिच्याशी. उंच, हडकुळी, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर गावातली कुत्री उठावीत. अक्का शाळेत गेली नव्हती. तिला दोनच गोष्टी झकास यायच्या, गोफण फिरवणं आणि गोष्ट सांगणं. गोफणीत तर पंचक्रोशीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

दादर दाण्यात आली की आमच्याकडे बायका शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, चढून पाखरं राखतात. दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. गोफणीला दोन दोऱ्या असतात आणि मधे विणलेला पट्टा. एका दोरीच्या टोकाला फास असतो, तो बोटात अडकवायचा. दुसरी दोरी नुसती चिमटीत धरायची. पट्ट्यात खडा ठेवून गोफण डोक्यावर गरगर फिरवायची आणि नेमक्या वेळी चिमटीतली दोरी सोडायची. खडा सुटतो आणि सुट्या दोरीचं टोक हवेत फटकन वाजतं. अक्काचा फटका दोन शेतं ओलांडून ऐकू यायचा, पण तिने एकही पाखरू कधी मारलं नाही. म्हणायची, "पाखरुले मारानं नही वं, त्याले त्यानं घर याद करी देवानं."

त्र्याऐंशी साली नणंदेच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही धुळ्याला गेलो. बस्ता लवकर उरकला, म्हणून सगळे सिनेमात शिरलो. सिनेमाचं नाव होतं 'गोफनवाली'. अक्काला वाचता येत नव्हतं, पण पोस्टरवरच्या बाईच्या हातात काय आहे ते तिला रस्त्याच्या पलीकडून दिसलं आणि तिने माझा हात एवढ्या जोरात दाबला की बांगडी फुटली.

सिनेमा तसा नेहमीचाच. तारा नावाची शेतकऱ्याची पोर. दरबारसिंग नावाचा दुष्ट तिच्या बापाला मारतो, धाकट्या बहिणीला, चांदीला, उचलून नेतो. मग तारा गोफण घेऊन एकेकाला घोड्यावरून पाडते. मला गाणी आवडली. अक्काचे यजमान, आमचे जेठ पुनाभाऊ, पहिल्या रिळालाच घोरायला लागले. शेजारची शेवंताबाई विनोदी नटाला हसून हसून खुर्चीवरून घसरली आणि बाहेर आल्यावर तिने विचारलं, "यसटी कितीले शे?" अक्का मात्र रस्त्यातच उभी. गोफणवाली असा सिनेमा असू शकतो, म्हणजे आपण जे रोज माळ्यावर करतो ते एवढ्या मोठ्या पडद्यावर, घोड्यांसमोर, असं कोणी करू शकतं, हे तिच्या गळी उतरत नव्हतं. तो सिनेमा तिने आणखी तीनदा पाहिला. दर वेळी धुळ्याला जायला नवं कारण काढलं आणि दर वेळी मला सोबत ओढलं.

शहाऐंशीत 'गोफनवाली का बदला' आला. त्याच्या शेवटी दरबारसिंग मरता मरता म्हणतो, "तेरी बहन जिंदा है... नर्मदा के उस पार." तारा नदीच्या काठावर उभी, हातात गोफण, आणि संपला की सिनेमा! अक्का उठेचना. दारावरच्या माणसाने टॉर्च मारला तर म्हणाली, "अजून बाकी शे ना!" तो म्हणाला, बाई, पुढचा भाग येईल तेव्हा या.

पुढचा भाग येईना. सत्त्याऐंशी गेलं. कापूस वेचताना अक्का बायांना दोन्ही भाग सांगायची, पुन्हा पुन्हा, घोड्यांच्या टापांसकट. आणि दर वेळी नदीकाठाला येऊन गोष्ट अडायची. बाया विचारायच्या, "मंग पुढे?" अक्काकडे पुढे नव्हतं. तिचं तोंड असं उतरायचं की जणू तीच नदीकाठी उभी आहे आणि नाव येत नाहीये.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन धुळ्याला झालं. अक्का तीन दिवस तिकडे राहिली. परत आली त्या दिवशी वेचणीवर शेवंताने सहज विचारलं, "काय वं अक्का, धुयाले गयी व्हती, सिनेमा दखा का नही?"

"दखा."

"तिसरा?"

अक्काने हातातला कापूस ओटीत टाकला. "तिसरा," म्हणाली.

मग काय विचारता! सहा-सात बाया ओटीतला कापूस तसाच धरून तिच्याभोवती. आणि अक्काने सांगितलेला तो तिसरा भाग, तुम्हाला सांगते, मी आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या सिनेमांपेक्षा भारी होता. तारा नर्मदा ओलांडते. पलीकडे दरबारसिंगाच्या भावाची जमीन. चांदी तिथेच मोठी झालेली, तिला सांगून ठेवलेलं की तुझ्या बापाला ताराने मारलं. सकाळचं दाट धुकं. या माळ्यावर तारा, त्या माळ्यावर चांदी, दोघींच्या हातात गोफणी आणि दोघी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. समोर कोण आहे, ताराला दिसत नाही. तिला आई आठवते. आई जेवायला बोलवायची तेव्हा फटका वाजवायची, एक, मग थांबून दोन. तारा खडा न ठेवता नुसती गोफण फिरवते आणि तोच फटका वाजवते. सगळं शांत. आणि धुक्यातून उत्तर येतं. एक. मग दोन.

हे सांगताना अक्का तोंडाने फटका वाजवायची. मी तर ढसाढसा रडले होते. ही एवढी गोष्ट सांगायला तिने उरलेला सगळा हंगाम लावला आणि पुढच्या वर्षी बायांनी ती पुन्हा मागितली.

गोष्ट तिथेच थांबली नाही. त्या वर्षी दादर राखायला चढलेल्या बायांपैकी जिने आधी माळा गाठला तिने गंमत म्हणून फटका वाजवला, एक, मग दोन. पलीकडच्या माळ्यावरून उत्तर आलं. मग तो रिवाजच पडला. सकाळी शिवारात एक-दोन, एक-दोन असे फटके या टोकापासून त्या टोकाला जायचे आणि सगळ्या जणी आल्या हे कळायचं. पुरुषांना वाटायचं, बायका पाखरं हाकलताहेत. आणि शेवंताने तर एकोणनव्वदात झालेल्या मुलीचं नाव सासूशी भांडून चांदी ठेवलं.

ब्याण्णवच्या जानेवारीत पारोळ्याच्या बाजारात आम्ही वांगी निवडत होतो, तेवढ्यात भोंगा लावलेली रिक्षा आली. दोन्ही बाजूंना पोस्टर आणि आतला माणूस घसा फोडून ओरडतोय, "आला हो आला, सहा वर्षांनी आला, गोफनवालीचा तिसरा भाग! धुळ्यात सुरू झालाय, रोज तीन खेळ!"

शेवंताच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. "हाऊ तिसरा? तिसरा तं अक्कानी दखेल शे!"

सगळ्या अक्काकडे बघायला लागल्या. अक्का वांग्यांकडे बघत होती. "पुन्हा ऊना व्हई," ती म्हणाली.

"मंग चाला ना वं बठ्ठ्या!" शेवंता जागच्या जागी उड्या मारायला लागली. "अक्का शेजारी बशी, आधीच सांगत जाई. चांदीले दखाले भेटी! धुकं दखाले भेटी!" परत येईपर्यंत गावातल्या रुपचंदची मेटॅडोर ठरली, दिवस ठरला, कोण दशम्या करणार आणि कोण चटणी हेही ठरलं. गावात लग्न निघावं तसा उत्साह होता आणि मीही त्यात पुढे होते.

संध्याकाळी परसात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून आम्ही दोघी भरताची वांगी भाजत बसलो. अक्का वांगं उलटायचं विसरली. मी म्हटलं, जळतंय. ती म्हणाली, "प्रमिला, मी तिसरा भाग दखाच नही."

मला आधी हसू आलं. मग असा संताप आला की सांगता सोय नाही. "म्हणजे? ते धुकं? तो फटका?"

"दवाखानामा मायना उशाले बशी बशी रचं. तिना डोयाले पट्टी व्हती. मी बोलू तेच तिले दिसे."

"आणि मी रडले ती कशाला?" मी चिमटा आपटला. चार वर्षं हिने आम्हाला बनवलं. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईलासुद्धा! पण तिचं तोंड बघितलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. अक्का घाबरली होती. शिवारात तिच्या शब्दाला किंमत होती. कुठल्या विहिरीला पाणी टिकेल, कुठली सून सुखी आहे, बाया तिला विचारायच्या. आता अकरा बाया एका रांगेत बसून तिचं खोटं पडद्यावर बघणार होत्या. "माले कोनी पुढे कधी काय सांगू देवाव नही," ती म्हणाली. मी म्हटलं, ताप आला म्हण आणि राहा घरी. तर म्हणे, "नही. तारानं पुढे काय व्हयनं ते माले बी दखनं शे." असली ही बाई.

बुधवारी आम्ही निघालो. मेटॅडोरमध्ये रिकाम्या पोत्यांवर आम्ही दोघी आणि बाकी अकरा जणी, वर गाणी, खाली खड्डे. टॉकीजसमोर खेड्यापाड्यांतून आलेली ही गर्दी! गोफणवालीचं पोस्टर दोन मजली. शेवंताने त्याला हात लावून नमस्कार केला. दुपारचा खेळ. दिवे गेले आणि हॉलमध्ये अशा शिट्ट्या झाल्या की माझ्या अंगावर काटा आला.

पहिल्याच मिनिटाला अक्का माझ्या कानात म्हणाली, "हाई तारा नही." खरंच होतं, नटी बदललेली. ही गोरी, गुबगुबीत, लाल ओठांची. शेवंताने बघितलं आणि म्हणाली, "साडी चांगली शे." दहा मिनिटांत ताराच्या घरातली भिंत दिसली आणि भिंतीवर हार घातलेला फोटो. तारा फोटोला म्हणते, "चांदी, मेरी बहन, तेरे खून का बदला..." म्हणजे ती मेलेलीच! नर्मदा नाही, पलीकडचा काठ नाही, कधी मेली, कशी मेली, काही नाही. मागच्या सिनेमाचा शेवट त्यांनी एका फोटोत गुंडाळून टाकला.

"अक्का, चांदी मरी गयी?" शेवंताने विचारलं. अंधारातही मला कळलं की अकरा तोंडं तिच्याकडे वळली आहेत.

इंटरव्हलला अक्का पहिल्यांदा खुर्चीतून उठली. बाहेर भज्यांच्या गाडीपाशी सगळ्या जमल्या होत्या. ती मधोमध जाऊन उभी राहिली. "आयका. मी खोटं बोलनू. तिसरा भाग मी दखा नही. नदी, धुकं, चांदी, बठ्ठं मीच रचेल शे."

आता कोण काय बोलेल? शेवंताने तोंडातलं भजं नीट चावलं, गिळलं. "असं का?" म्हणाली. "मंग काय व्हयनं? तुना बी चांगला, हाऊ बी चांगला. गाना ह्यामा जास्ती शेत." कोणीतरी म्हणालं, तो इन्स्पेक्टर किती देखणा आहे. कोणीतरी मिरची मागितली. आणि सगळ्या आत पळाल्या, कारण घंटा झाली.

मला हायसं वाटलं, पण अक्काचे डोळे भरून आले होते. "त्यास्ले राग बी नही ऊना वं," ती म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर तिने सोसल्या असत्या. चार हंगाम आपण जीव ओतून सांगितलेली चांदी आणि भिंतीवरची चांदी, दोन्ही यांना सारख्याच, हे तिला सोसवेना. आणि खरं सांगायचं तर मीही त्या दिवसापर्यंत शेवंताच्याच जातीची होते. ताराचं काय झालं याने माझी झोप कधीच उडाली नव्हती.

इंटरव्हलनंतर शेवटची लढाई आली. दुष्टाने इन्स्पेक्टरला झाडाला बांधलेलं, बाजूला दहा घोडेस्वार, संगीत चढत चाललेलं. तारा गोफण काढते. पडद्यावर तिचा हात केवढा तरी मोठा दिसतो आणि त्या मनगटाला गोफणीच्या दोन्ही दोऱ्या गच्च गाठ मारून बांधलेल्या!

अक्का ताडकन उभी राहिली. बांधावरून हाक मारायच्या त्या आवाजात ओरडली, "अवं, दोन्ही दोऱ्या हातले बांधी टाक्यात! खडा सुटी कसा?"

पुढून शहरातलं कोणीतरी ओरडलं, "ओ बाई, बसा खाली!" पण मागून, धोतर-टोप्यांच्या रांगांतून आवाज आला, "खरं शे माय! सुटावंच नही!" दुसरा म्हणाला, "तिनाच डोकामा बशी तो!" आणि मग जो हशा उठला! पडद्यावर खडा गेला, घोडेस्वार पडला, तशी मागची अख्खी बाजू ओरडली, "सुटना कसा?" दुसरा पडला, "सुटना कसा?" शहरातली माणसं चिडून शुक् शुक् करताहेत, खेड्यातली टाळ्या पिटताहेत, आणि शेवंता हसून हसून पुन्हा खुर्चीवरून घसरलेली. मीही ओरडले, खोटं कशाला बोलू. अक्का एकटीच हसत नव्हती. ती उभ्यानेच शेवट बघत होती. तारा इन्स्पेक्टरशी लग्न करते आणि गोफण खुंटीला टांगून स्वयंपाकघरात जाते. समाप्त.

परतताना बाया नवं गाणं म्हणत होत्या. अक्का मेटॅडोरच्या फाळक्याला धरून, रस्त्याकडे बघत बसली होती. घरी आल्यावर तिने आपली गोफण खुंटीला टांगली, अगदी त्या गुबगुबीत तारासारखी, आणि मला म्हणाली, "आते मी कोन्हले काही सांगाव नही." पुनाभाऊंनी विचारलं, सिनेमा कसा होता? तिने त्यांच्यापुढे ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी ती दादर राखायला निघाली तर हातात पत्र्याचा डबा आणि काठी. मी मागोमाग गेले. माळ्यावर उभी राहून ती डबा बडवत होती. आवाज बद्द. पाखरं उठायची आणि तिथेच बसायची. मला ते बघवेना.

तेवढ्यात पलीकडच्या माळ्यावरून फटका आला. एक. मग दोन.

अक्काने डबा खाली ठेवला, पण उत्तर दिलं नाही. पुन्हा आला. एक. मग दोन. तरी ही डब्याकडेच बघत राहिली. मग शेवंताचा आवाज, "अक्का वं! चांदी हाक मारी ऱ्हायनी! तारा कोठे गयी?"

"चांदी मरी गयी ना!" अक्का ओरडली. आवाज फाटला होता. "फोटो दखा नही का काल?"

कणसांवरून वारा गेला. मग शेवंताचं उत्तर आलं, चांगलं ठणठणीत.

"मरनी ती त्या लोकस्नी चांदी! आपली जित्ती शे!"

अक्काने माझ्याकडे बघितलं. मी येताना खुंटीवरची गोफण काढून पदराखाली घेतलीच होती. इतकी काही मी वेंधळी नाही. ती तिने माझ्या हातातून हिसकावली, बोटात फास अडकवला, डोक्यावर फिरवली आणि दोरी सोडली. एक. मग थांबून दोन. अख्खी दादर पाखरांनी सोडली. लांबच्या माळ्यांवरून उत्तरं यायला लागली, मोजता येईनात इतकी, आणि अक्का एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. मीही.

दुपारी बांधावर सगळ्या जणी भाकरी सोडून बसल्या. शेवंताने ठेचा पुढे सरकवला आणि म्हणाली, "मंग पुढे?"

अक्काने हात पुसले. सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं.

"आयका," ती म्हणाली. "हाऊ चौथा भाग. हाऊ कोनीच दखेल नही."